पेढी, पाठशाळा आणि सरहद्द

व्यापार पेढीवर शिकावा की पाठशाळेत, हा वाद आपल्याकडे जितका जुना आहे तितकाच तो युरोपातही जुना आहे. सावकाराच्या मुलाने बाराव्या-तेराव्या वर्षी गादीच्या कडेला बसावे, मुनिमाच्या हाताखाली रोजकीर्द आणि खतावणी गिरवावी, हुंडीचा मजकूर आणि हुंडी घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा ही दोन्ही एकाच वेळी वाचावयास शिकावे, अशी आपली रीत. लिस्बन, हॅम्बुर्ग, व्हेनिस या बंदरांतील व्यापाऱ्यांचीही रीत याहून फारशी निराळी नव्हती. उमेदवारी हेच तेथील विद्यापीठ होते. आज त्याच युरोपात 'युरोपीय व्यापार-व्यवस्थापन' या विषयाची आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर पदवी मिळते. तिच्यासाठी विद्यार्थ्याने काही काळ पॅरिसला, तर काही काळ बर्लिन, माद्रिद किंवा तुरीन येथे राहावयाचे असते. जगाच्या पाठीवरून तरुण तरुणी त्यासाठी जातात आणि त्यांत मराठी घरांतील मुलामुलींचाही समावेश असतो. ही पदवी वरकरणी अगदी अलीकडची वाटते. परंतु तिच्यामागे अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाचा खरा विषय हिशेब किंवा विक्रीकला हा नाही. व्यापाराचे ज्ञान हे एका राष्ट्राने दुसऱ्यावर मात करण्यासाठी पाजळावयाचे शस्त्र आहे, की अनेक राष्ट्रांनी मिळून बाळगावयाचे सामाईक धन आहे, असा तो विषय आहे.

आरंभ लिस्बनपासून करणे सयुक्तिक होईल. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या भूकंपाने हे नगर उद्ध्वस्त झाले आणि पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या प्रधानाच्या हाती राज्याची सूत्रे एकवटली. पोर्तुगालचा व्यापार इंग्रज व्यापाऱ्यांच्या मुठीत गेला आहे, हे त्याचे मोठे शल्य होते. त्यावर त्याने योजलेल्या उपायांपैकी एक म्हणजे १७५९ साली लिस्बन येथे उघडलेली 'आउला दु कुमेर्सियु' ही व्यापारशाळा. राज्याने स्वतः चालविलेली अशी शाळा युरोपात त्यापूर्वी क्वचितच आढळते. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या, लिहिता-वाचता आणि बेरीज-वजाबाकी येत असलेल्या मुलांना तेथे प्रवेश मिळे. वीस विद्यार्थ्यांना सरकारी वेतन असे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या मुलांना आणि नातवांना अग्रहक्क होता. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात अंकगणित, देशोदेशींची वजनेमापे, हुंडणावळ, विमा आणि द्विनोंदी जमाखर्च हे विषय होते.

गंमत अशी, की व्यापारी तयार करण्यासाठी काढलेल्या या शाळेने राज्याला कारकून पुरविले. १७६१ साली पोंबालने राजखजिन्याची नवी कचेरी स्थापन केली आणि तिचे हिशेब द्विनोंदी पद्धतीने ठेवण्याचा हुकूम काढला. शाळेचा पहिला अध्यापक जुवांव हेन्रिक द सौझा हा अध्यापन सोडून त्या खजिन्याच्या नोकरीत गेला. खजिन्याची चार दप्तरे होती आणि त्यांपैकी एका दप्तरात रिओ द जानेरो, पूर्व आफ्रिका आणि आशियातील मुलूख यांचा जमाखर्च नोंदला जाई. गोव्याच्या महसुलाचे आकडे लिस्बनमध्ये जेथे उतरवून घेतले जात, तेथे लेखणी धरणारा हात पुष्कळदा याच शाळेत वळण घेतलेला असे, हे उघड आहे. शाळा १८४४ पर्यंत चालली. तिने इंग्रज व्यापाऱ्यांना लिस्बनमधून हुसकावले असे म्हणता येणार नाही.

साठ वर्षांनी पॅरिसमध्ये निघालेली शाळा मात्र वेगळ्या मुशीतली होती. वॉटर्लूची लढाई होऊन चार वर्षे उलटली होती. युद्ध संपल्यावर इंग्लंडचा माल साऱ्या युरोपात पसरला होता, आणि फ्रान्समधील विचारवंतांना वाटू लागले होते, की तोफखान्यासाठी आणि पुलांसाठी जशा शाळा आहेत तशी व्यापारासाठीही असावी. १ डिसेंबर १८१९ रोजी पॅरिसची विशेष व्यापारशाळा सुरू झाली. तिच्या पाठीशी झाँ-बातिस्त से हा अर्थशास्त्रज्ञ होता. भांडवल, जमीन आणि श्रम यांना एकत्र आणून जोखीम पत्करणारा जो उद्योजक, त्याला अर्थशास्त्रात मानाचे स्थान मिळवून देणारा हाच तो से. त्याचा शिष्य अदोल्फ ब्लांकी हा आधी या शाळेत शिकवू लागला आणि १८३० पासून १८५४ साली मृत्यू येईपर्यंत तिचा चालक होता. त्याचा धाकटा भाऊ ऑग्यूस्त हा क्रांतिकारक. त्याचे अर्धे आयुष्य तुरुंगात गेले. एक भाऊ व्यापाऱ्यांची मुले शिकवीत असता दुसऱ्याने व्यापाऱ्यांचे राज्य उलथून टाकण्याचा ध्यास घ्यावा, असा योग एकाच घरात क्वचितच येतो.

ब्लांकीच्या शाळेत परदेशी मुलांचा भरणा मोठा होता. वर्गात स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणारी मुले फ्रेंच मुलांच्या शेजारी बसत. सरकार पैसा देत नसल्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांची फी हा शाळेचा आधार होता, ही गोष्ट खरी. तथापि त्या फीपोटी का होईना, एक वेगळाच वर्ग निर्माण झाला. परकीय भाषा, भूगोल आणि व्यापाराचा इतिहास यांना तेथे जमाखर्चाच्या बरोबरीचे महत्त्व होते. वरच्या वर्गातील मुलांनी लुटुपुटीच्या पेढ्या थाटून परस्परांशी पत्रव्यवहार करावा, हुंड्या लिहाव्या आणि वटवाव्या, अशीही पद्धत होती. या पद्धतीची थट्टा करणारे पुष्कळ होते. ज्या पेढीचे दिवाळे निघाले तरी कोणाच्या घरी चूल विझत नाही, तीवर व्यापार कसा शिकावयाचा, हा त्यांचा आक्षेप. तो आजही पुरता खोडला गेला आहे असे नाही.

ब्लांकीचा १८३७ सालचा मुख्य ग्रंथ युरोपातील अर्थशास्त्राच्या इतिहासावर आहे. फ्रान्सच्या नव्हे, युरोपच्या. हा शब्द त्याने सहज वापरला असेल, परंतु त्याच्या शाळेचे स्वरूप त्यात प्रतिबिंबित झाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या मृत्यूनंतर शाळेचे हाल झाले आणि १८६९ साली पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सने ती विकत घेऊन जगविली.

यानंतरचा भाग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल, कारण त्याची सुरुवात मुंबईच्या कापूसबाजारात होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरपासून आल्सासपर्यंतच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड येथील रुईला कधी नव्हे तो भाव आला. कुलाब्याच्या मैदानात गासड्यांच्या राशी लागल्या. आल्सासमधील म्यूलूझ हे कापडगिरण्यांचे गाव. तेथील एका व्यापारी घराण्यातील झ्यूल सिगफ्रीड हा तरुण १८६१ साली अमेरिकेत जाऊन परिस्थिती पाहून आला आणि युद्ध लवकर संपत नाही, असा त्याने कयास बांधला. मग झ्यूल आणि त्याचा भाऊ झाक यांनी १८६२ साली मुंबईत पेढी उघडली. कयास अचूक ठरला. अल्पावधीत या बंधूंनी मोठी संपत्ती मिळविली.

१८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले आणि बॅकबे कंपनीच्या शेअरांवर श्रीमंत झालेली मुंबई रातोरात कफल्लक झाली. त्या तेजीचा पैसा बहुतेक वाऱ्यावर गेला. मात्र त्यातील थोडा दगडविटांच्या रूपाने टिकून राहिला. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली दिलेल्या देणगीतून उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. त्याच तेजीच्या पैशातून आल्सासमध्येही एक विद्यालय निघाले, हे मात्र फारसे कोणाला माहीत नाही. सिगफ्रीड बंधूंनी म्यूलूझच्या औद्योगिक मंडळाला एक लाख फ्रँक दिले आणि १८६६ साली तेथे व्यापाराचे उच्च विद्यालय सुरू झाले. गिरणीमालकांच्या मुलांना यंत्रे समजतात, परंतु कच्चा माल कोठे पिकतो, जहाजाचे भाडे कसे ठरते, परमुलखातील गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलते हे समजत नाही, असा सिगफ्रीड बंधूंचा अनुभव होता. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्या तेजीतून पुढे काय उरले, हा प्रश्न त्या विद्यालयाच्या अभ्यासक्रमात कोठे बसत असेल असे दिसत नाही.

हे विद्यालय सहा वर्षे जगले. १८७१ साली फ्रान्सचा पराभव झाला, आल्सास जर्मन साम्राज्यात गेले आणि तेथील रहिवाशांना १८७२ च्या ऑक्टोबरपर्यंत आपण फ्रेंच राहणार की जर्मन होणार हे ठरविण्याची मुदत मिळाली. विद्यालय बंद पडले. त्याचा प्रमुख पेनो याने लिऑन गाठले. रेशीम व्यापाऱ्यांच्या त्या नगरात १८७२ साली निघालेले नवे व्यापारी विद्यालय त्याच्या हाताखाली उभे राहिले. आज ते युरोपातील नामांकित व्यवस्थापन संस्थांत गणले जाते. झ्यूल सिगफ्रीडने ल हाव्र या बंदरात बस्तान हलविले होते. तेथेही १८७१ साली असेच विद्यालय निघाले, त्याच्याच पुढाकाराने. सरहद्द सरकली, की माणसे आणि शाळा गाठोडे बांधून निघतात, हे दृश्य युरोपने पुढे अनेकदा पाहिले.

पराभवानंतरच्या फ्रान्समध्ये व्यापारशिक्षणाला निराळाच सूर लागला. फ्रेंच पेढ्यांत परभाषा जाणणारे कारकून जर्मन असतात, ते सारी गुपिते घेऊन मायदेशी परततात, अशी ओरड सुरू झाली. १८८१ साली पॅरिसच्या चेंबरने दुसरी, अधिक दिमाखदार संस्था काढली. तीच पुढे 'एचईसी' या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. परंतु या शाळांत खरी गर्दी उसळली ती १८८९ च्या लष्करी कायद्यामुळे. मान्यताप्राप्त व्यापारी विद्यालयांतून वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांना सक्तीची लष्करी नोकरी एकच वर्ष करावी लागेल, अशी सवलत त्यात होती. व्यापाराची गोडी अनेकांना अशा रीतीने छावणीच्या धाकाने लागली.

पलीकडे जर्मनीत लाइप्झिग येथे १८९८ साली पहिले वाणिज्य महाविद्यालय निघाले. स्वित्झर्लंडमध्ये सांक्ट गालेन येथेही त्याच वर्षी अशी संस्था सुरू झाली. १९०१ साली कोलोन, १९०६ साली बर्लिन. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने १९०२ साली वाणिज्य शाखा उघडली आणि तीच लाट १९१३ साली मुंबईस पोचून सिडनहॅम कॉलेजच्या रूपाने स्थिरावली. याच कॉलेजात १९१८ ते १९२० पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तेथील पगारातून शिल्लक टाकून ते आपले अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले.

लाइप्झिगच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक ऑयगेन श्मालेनबाख हा होता. पुढे कोलोन येथे प्राध्यापक होऊन त्याने कारखान्याचा उत्पादनखर्च कसा मोजावा, ताळेबंद कशासाठी करावा, याचे शास्त्र रचले. १९२७ साली त्याने हिशेबाच्या खात्यांचा एक सर्वसामान्य आराखडा प्रसिद्ध केला. त्या आराखड्याची छाप मध्य युरोपातील हिशेबपद्धतीवर आजतागायत आहे. त्याची पत्नी ज्यू होती. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच त्याने प्राध्यापकपद सोडले आणि युद्धाच्या अखेरच्या काळात या दांपत्याला लपून दिवस काढावे लागले. ज्याचे आराखडे सारा देश वापरीत होता त्या माणसाला त्याच देशात उघडपणे राहण्याची सोय नव्हती. शस्त्र म्हणून पाजळलेल्या विद्येचा शेवट कोठे होतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

युद्धानंतर चित्र पालटले आणि ते पालटण्यात पॅरिसमध्ये जन्मलेल्या परंतु अमेरिकेत नाव काढलेल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. जॉर्ज दोरिओ १९२१ साली अमेरिकेला गेला, हार्वर्डच्या व्यापारविद्यालयात प्राध्यापक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. युरोपातील उद्योगपतींच्या पुढच्या पिढीने एका वर्गात बसून शिकावे, अशी त्याची कल्पना होती. पॅरिसच्या त्याच चेंबर ऑफ कॉमर्सच्या पाठिंब्याने १९५७ साली 'इन्सिआद' ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी २५ मार्चला रोमच्या तहावर सह्या होऊन सहा देशांच्या सामाईक बाजारपेठेचा पाया घातला गेला होता. संस्थेचा पहिला वर्ग १९५९ साली फाँतेनब्लोच्या राजवाड्यात भरला. साऱ्या युरोपला तलवारीच्या बळावर एकछत्री करू पाहणाऱ्या नेपोलियनने १८१४ साली ज्या राजवाड्यात सिंहासनत्यागावर सही केली, तोच हा.

पहिल्या वर्षांतील नियम कडक होते. विद्यार्थ्याला फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या तिन्ही भाषा समजल्याच पाहिजेत, कारण कोणता तास कोणत्या भाषेत होईल हे त्या अध्यापकावर अवलंबून असे. अभ्यासासाठी जे लहान गट पाडीत त्यांत एका देशाची माणसे एकत्र येऊ नयेत याची मुद्दाम काळजी घेत. युद्ध संपून अवघी चौदा वर्षे झाली होती. एखाद्या फ्रेंच विद्यार्थ्याचे बालपण जर्मन सैनिकांच्या पहाऱ्यात गेलेले असावे, आणि त्याने एका जर्मन सहाध्याय्याबरोबर रात्री उशिरापर्यंत एखाद्या कारखान्याच्या तोट्याचे कारण शोधीत बसावे, यातील ताण आज समजणे कठीण आहे. शिकविण्याची पद्धत मात्र हार्वर्डची होती. प्रत्यक्ष कंपनीची हकीकत समोर ठेवावयाची आणि निर्णय विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावयाचा. युरोपने एक होण्यासाठी अमेरिकेची पाटी उसनी आणली, अशी टीका त्या वेळीही झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. स्त्रियांना या वर्गात प्रवेश मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

इन्सिआदने अनेक देशांचे विद्यार्थी एका गावी आणले. पुढची कल्पना याच्या उलट होती. ती म्हणजे वर्गानेच देशोदेशी फिरावे. ब्रिटन सामाईक बाजारपेठेत आले त्या १९७३ साली पॅरिसच्या चेंबरने 'ईएपी' या नावाची संस्था काढली. तिच्या विद्यार्थ्याने एक वर्ष फ्रान्समध्ये, एक इंग्लंडमध्ये आणि एक जर्मनीत शिकावयाचे, तेही ज्या त्या देशाच्या भाषेत. वर्गातले विद्यार्थी तेच राहत आणि बिऱ्हाड बदले. त्यात खरी अडचण भाषेची नव्हती. ती कायद्याची होती. फ्रेंच पदवी जर्मनीत मानली जात नसे, जर्मन पदवीची अवधी फ्रान्सला पटत नसे, आणि इंग्लंडमध्ये पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे. कोळसा आणि पोलाद यांच्यावरील जकात उठविणे सोपे गेले, परंतु प्रमाणपत्रावरील जकात उठविण्यास कितीतरी अधिक वर्षे लागली. १९९९ साली ही फिरती संस्था ब्लांकीच्या १८१९ च्या शाळेत विलीन झाली. आज 'ईएससीपी' म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. पॅरिस, बर्लिन, लंडन, माद्रिद, तुरीन येथे तिच्या शाखा आहेत आणि युरोपीय व्यापाराची पदव्युत्तर पदवी तिच्या अभ्यासक्रमांत आहे.

दरम्यान १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थी परदेशी गेले. १९८८ साली पॅरिसची एचईसी, बार्सिलोनाची एसादे, मिलानची बोक्कोनी आणि कोलोन विद्यापीठ यांनी एकत्र येऊन सामाईक पदवीचे जाळे विणले. १९९९ साली बोलोन्या येथे २९ देशांच्या मंत्र्यांनी पदव्यांची समान चौकट मान्य केली. एका वर्षाच्या अभ्यासाला साठ गुण हे माप त्या अगोदरच रुळू लागले होते. त्यामुळे पॅरिसमध्ये केलेला अभ्यास बर्लिनच्या खात्यावर हुंडीसारखा वटू लागला. श्मालेनबाखच्या काळापासून मानाची असलेली जर्मन वाणिज्य पदवी या चौकटीत बहुतेक ठिकाणी नाहीशी झाली, आणि तिच्याबद्दल हळहळणारे प्राध्यापक जर्मनीत अद्याप भेटतात.

या मेळातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. पदव्या जसजशा एका मापाच्या झाल्या तसतसे अध्यापन बव्हंशी एकट्या इंग्रजीत होऊ लागले. तीन भाषांची फाँतेनब्लोची सक्ती सैल झाली. याचा लाभ आशियातील विद्यार्थ्यांना झाला, हे मान्य केले पाहिजे. पुणे किंवा इंदूर येथून निघालेल्या मुलीला प्रवेशासाठी जर्मन येण्याची गरज उरली नाही. परंतु तुरीनच्या कारखान्यात कामगारांचे गाऱ्हाणे इटालियनमध्येच मांडले जाते आणि तेथे उमेदवारी करावयास गेलेल्या त्याच मुलीला पहिल्या आठवड्यातच वर्ग आणि पेढी यांतील अंतर कळून येते. काही संस्थांनी म्हणूनच पदवीपूर्वी आणखी एखाद्या भाषेची परीक्षा आवश्यक ठेवली आहे. ब्लांकीच्या काळी हा नियम सांगावा लागत नव्हता.

सरहद्दीही पुसल्या गेल्या आहेत असे नाही. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२१ पासून इरॅस्मसच्या नव्या फेरीत सामील न होण्याचा निर्णय त्याने घेतला. ज्या शाखेत शिकण्यासाठी युरोपातील मुले नुसते ओळखपत्र दाखवून जात, तेथे जाताना त्यांना परवान्यासाठी अर्ज करावा लागू लागला. याउलट म्यूलूझच्या परिसरात, जेथे १८७२ साली नव्या सरहद्दीने विद्यालय बंद पाडले, तेथे आज ओ-आल्सास विद्यापीठ आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार-व्यवस्थापनाचा एक प्राथमिक पदवीचा अभ्यासक्रम हे विद्यापीठ जर्मनीतील लोराख आणि स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संस्थांच्या भागीदारीत चालविते. विद्यार्थी काही सत्रे कोलमारला, काही लोराखला, काही बाझेलला करतात आणि तास फ्रेंच, जर्मन व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होतात.